जनसंपर्काच्या माजी विद्यार्थ्यांशी संपर्क कसा टिकवावा : यादीपासून मेळाव्यापर्यंत

कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायला तीन आठवडे उरले होते. माजी विद्यार्थ्यांशी ‘संवाद’ दाखवायला दहा-बारा चेहरे हवे होते, म्हणून मी जुन्या हजेरीपटातले नंबर काढून फोन लावत बसले होते. निम्मे नंबर बंद, दोन भलत्याच माणसांचे. एक लागला. पलीकडून हसत प्रश्न आला, “मॅडम, सात वर्षांनी फोन! नॅक आलंय का?”

ती मुंबईत एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत चांगल्या जागेवर होती. पत्रकाराला फक्त आपलं काम असेल तेव्हा फोन करू नये, हे तिला वर्गात मीच शिकवलं होतं.

जनसंपर्क शिकवणाऱ्या विभागाचा स्वतःचा जनसंपर्क असा असणं लाजिरवाणं आहे, पण सर्रास आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत आम्ही चुकतमाकत एक पद्धत बसवली, ती इथे मांडते. आमचा संध्याकाळचा पदविका अभ्यासक्रम आहे. पण बीएएमएमसी ही माध्यमांची पदवी असो की एम.ए.चा जनसंपर्क विषय, काम तेच. आणि ते काम आपण मुलांना आधीच शिकवतो, त्याचं नाव मीडिया लिस्ट. कोण कुठल्या पेपरात, कुठलं बीट (बातम्यांचा ठरलेला विषय), कधी फोन उचलतो, शेवटचं कधी बोललो. महिनाभर हात लावला नाही की ती यादी शिळी होते. माजी विद्यार्थ्यांची यादी अगदी तशीच ठेवायची.

यादी कशी उभी करायची

सुरुवात कॉलेजच्या कार्यालयातून होते. जनरल रजिस्टर आणि प्रवेश अर्ज काढा. विद्यार्थ्याचा मोबाइल बहुतेक बदललेला असतो, पण अर्जावरचा वडिलांचा किंवा आईचा नंबर आश्चर्य वाटावं इतका टिकतो. आमचे निम्म्याहून जास्त हरवलेले विद्यार्थी आई-वडिलांमार्फत सापडले. फोनवर आधी स्वतःची ओळख द्या, कॉलेजचं नाव सांगा आणि काळजीचं काही नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. कॉलेजमधून फोन म्हटलं की आईच्या पोटात अजूनही गोळा येतो.

दुसरा मार्ग प्रत्येक तुकडीच्या सीआरचा, म्हणजे वर्गप्रतिनिधीचा. वर्गाचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेक वेळा अजून चालू असतो आणि कोण कुठे आहे हे त्या सीआरला ठाऊक असतं. तिसरा मार्ग म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट किंवा मार्कलिस्टच्या दुसऱ्या प्रतीसाठी कार्यालयात येणारे माजी विद्यार्थी. ते स्वतःहून दारात आलेले असतात आणि आपण त्यांना खिडकीवरून परत पाठवतो. कार्यालयातल्या क्लार्कला एवढंच सांगून ठेवा की जनसंपर्काचा कोणी आला तर विभागात चहाला पाठवा. प्रोजेक्ट रिपोर्टांची कपाटं आणि विद्यार्थ्यांनी सरावासाठी काढलेल्या जुन्या वृत्तपत्राचे अंकही चाळा. नंबर मिळणार नाहीत, पण पुढे फोनवर बोलायला विषय मिळतो: “तू तेव्हा रिक्षा संपावर लिहिलं होतंस ना?”

आता आडनावांची गोष्ट. आमच्या वर्गात मुली जास्त. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. लिंक्डइनवर जुन्या नावाने शोधलं तर कोणी सापडत नाही आणि आपण ‘संपर्काबाहेर’ असा शेरा मारून मोकळे होतो. म्हणून यादीत प्रवेशाच्या वेळचं नाव आणि सध्याचं नाव असे दोन वेगळे रकाने हवेत. प्रमाणपत्राचं काम निघालं तर पहिलं लागतं, हाक मारायला दुसरं. मात्र बदललंच असेल असं धरून चालू नका. “आता नाव कसं लावतेस?” असं सरळ विचारा.

बाकी रकाने थोडेच ठेवा. बॅच, गाव, सध्याचं काम, स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल, शेवटचं बोलणं कधी झालं, आणि कशासाठी तयार आहे. ‘स्वतःचा’ यावर जोर अशासाठी की या धंद्यात माणसं भराभर एजन्सी बदलतात. कंपनीचा ईमेल नोकरीबरोबर मरतो आणि पाठवलेलं पत्र परत आल्याचंही कधीकधी कळत नाही. एक भरलेली ओळ अशी दिसते:

२०१७ची बॅच. प्रवेशाला शिंदे, आता पाटील. ठाणे. आधी एजन्सी, आता रुग्णालयात पीआरओ. शेवटचं बोलणं मार्चमध्ये. बाळ लहान आहे, ऑनलाइन तास घेईल, प्रवास नको.

शेऱ्याच्या रकान्यासाठी आमचा एक नियम आहे. त्या व्यक्तीने मागून शेजारी उभं राहून वाचलं तर आपल्याला ओशाळं वाटेल, असं काही लिहायचं नाही.

एक्सेलची साधी शीट पुरते. यासाठी सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना निदान पहिली दोन वर्षं तरी नमस्कार करून परत पाठवा.

परवानगी

नंबर ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा, आधी संमती घ्यायची आणि नको म्हटलं की काढून टाकायचा, हा २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा आहे. पहिल्याच फोनमध्ये विचारा: नंबर विभागाकडे ठेवू का, बॅचमेटला दिला तर चालेल का, आताच्या विद्यार्थ्याला दिला तर चालेल का. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात, तशीच नोंदवा. आणि यादी कोणाला पाठवू नका, माजी विद्यार्थ्यालाही नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ‘बॅचला भेटायचंय’ म्हणून यादी नेली आणि पंधरवड्यात अख्ख्या बॅचला विम्याचे फोन गेले. शिव्या विभागाला बसल्या.

विभागाचा स्वतःचा फोन

सगळ्यात जास्त नुकसान आमचं इथे झालं. असे अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर चालतात. शिक्षकाने आपल्या खाजगी मोबाइलवरून दोन-अडीचशे मुलांशी नातं जोडलेलं असतं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कॉलेजात जातो आणि नातं त्याच्याबरोबर जातं. त्याचा दोष नाही, नंबर त्याचा होता.

म्हणून एक साधा हँडसेट आणि कॉलेजच्या नावावरचं सिम घ्या. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. नाव विभागाचं, फोटो विभागाच्या दाराचा किंवा कट्ट्याचा. कॉलेजच्या बोधचिन्हापेक्षा तो लगेच ओळखू येतो. हा नंबर सगळ्यांना सेव्ह करायला सांगा, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच पोचते. शिवाय एका लिस्टमध्ये २५६च जण बसतात. दोन-तीन बॅचची एक लिस्ट केली की काम भागतं.

ग्रुप करायचा मोह होईल. एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात म्हणून सगळ्या बॅचना एकत्र कोंबू नका. आम्ही कोंबलं होतं. आठवड्यात सुप्रभात आणि वाढदिवस सुरू झाले, दुसऱ्या आठवड्यात राजकारण. निवडणुकीच्या तोंडावर वेगवेगळ्या पक्षांचं सोशल मीडियाचं काम करणारे आमचेच दोन विद्यार्थी तिथे भिडले आणि शहाणी माणसं मुकाट बाहेर पडली. बॅचचा ग्रुप बॅचकडे राहू द्या. प्रत्येक बॅचमध्ये एक निरोप्या पकडा आणि निरोप त्याच्यामार्फत आत जाऊ द्या. निरोप्या म्हणून वर्गातला पहिला नंबर निवडायचा नसतो. ज्याला सगळ्यांची लग्नं आणि बदल्या माहीत असतात तो निवडायचा.

पहिला फोन

वेळ बघा. एजन्सीतल्या माणसाची सकाळ क्लायंटला कव्हरेज पाठवण्यात जाते. कुठे बातमी लागली, कुठे नाही, क्लिपिंग गोळा करून रिपोर्ट धाडायचा असतो. अर्थसंकल्पाचा दिवस, कंपन्यांच्या तिमाही निकालांचे दिवस आणि गणपतीचे दहा दिवस टाळा. महापालिकेत किंवा माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात असणाऱ्यांचे अधिवेशनाचे आणि आचारसंहितेचे दिवसही टाळा. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बहुतेकांना मोकळीक असते. आधी एक मेसेज टाका: “मी अमुक मॅडम, काम काही नाही, पाच मिनिटं बोलायचंय, कधी करू?” ‘काम काही नाही’ हे खरंच असायला हवं. पहिल्या फोनमध्ये काही मागायचं नाही. मेळाव्याचं निमंत्रणसुद्धा नाही.

काय विचारायचं यापेक्षा काय विचारायचं नाही ते महत्त्वाचं. पॅकेज विचारू नका. “अजून त्याच कंपनीत?” नको. “लग्न?” तर मुळीच नको. आणि “सध्या काय करतेस?” हा प्रश्नही जपून. आमच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण जनसंपर्कात नाहीत. कोणी बँकेत आहे, कोणी स्पर्धा परीक्षेची चौथी खेप देतोय, कोणी घरचं किराणा दुकान बघतो, कोणी मुलं लहान म्हणून घरी आहे. मेळाव्याला न येणारे बहुतेक हेच. त्यांना कॉलेजचा राग नसतो. स्टेजवर एजन्सीतल्या वर्गमैत्रिणीचा सत्कार होताना आपण खाली बसायचं, हे नको असतं.

त्यांच्याशी बोलताना आम्ही एक सोपा प्रश्न शोधला: “इथे शिकलेलं काही कधी कामाला आलं का?” उत्तरं ऐकण्यासारखी असतात. किराणा दुकानवाल्या मुलाने टाळेबंदीत गल्लीतल्या तीनशे घरांसाठी सामान पोचवण्याचे निरोप असे लिहिले होते की एकानेही उलट फोन केला नाही. कुठल्या दिवशी कुठली इमारत, पैसे कसे, पिशवी कुठे ठेवायची, सगळं पाच ओळींत. ते मेसेज मी आता अंतर्गत संवादाच्या तासाला वर्गात दाखवते. त्याला ते कळल्यापासून तो दर दिवाळीला विभागात फराळ घेऊन येतो.

दहा मिनिटांच्या वर फोन लांबवू नका. ठेवल्यावर लगेच नोंद करा, संध्याकाळी विसरायला होतं.

मागायचं कसं

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोलण्यात मागायला हरकत नाही, पण मागणी छोटी, ठरलेली आणि नाकारता येईल अशी हवी. आमच्या जुन्या पत्राचा नमुना असा होता: “आपण आपल्या मातृसंस्थेसाठी अमूल्य वेळ देऊन विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.” दिवसभर पिच (पत्रकारांना बातमी सुचवणारे मेसेज) लिहिणाऱ्या माणसाला असलं पत्र पाठवलं तर तो पहिल्या ओळीला सोडून देतो. यात कधी, किती वेळ, काय करायचं, काहीच नाही.

आता असं लिहितो: “सहा विद्यार्थ्यांनी कारखान्यातल्या वायुगळतीवर सरावाच्या प्रेसनोट लिहिल्यात, प्रत्येकी एक पान. त्यातल्या दोन वाचून चुका व्हॉइस नोटवर सांगशील? रविवारपर्यंत चालेल. जमत नसेल तर नुसतं ‘नाही’ लिही, राग नाही.” पहिल्यांदा हे पाठवलं तेव्हा त्याच रात्री उत्तर आलं. लोकलमधून रेकॉर्ड केलेलं, मागे ‘पुढील स्टेशन’ची घोषणा: “मॅडम, जखमी किती ते चौथ्या परिच्छेदात आहे आणि एमडीचं नाव तीन वेळा. उलटं करायला सांगा.” चाळीस सेकंदांत मुलं जे शिकली ते माझ्या दोन तासांत शिकली नव्हती.

इथून पुढे पायरी वाढवत न्यायची. अर्ध्या तासाचा ऑनलाइन प्रश्नोत्तरांचा तास. मग सरावाच्या पत्रकार परिषदेत खवचट पत्रकाराची भूमिका. ही सगळ्यांना आवडते, वर्षानुवर्षं पत्रकारांचं ऐकून घेतलेलं असतं, त्याची भरपाई होते. मग इंटर्न. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आल्यापासून प्रत्येक विभागाला जागा हव्यात आणि त्या माजी विद्यार्थ्यांइतक्या खात्रीने कोणी देत नाही. इंटर्न पाठवताना स्टायपेंड किती आणि काम काय, हे आधी विचारा. नुसती क्लिपिंग कापायला दोन महिने बसवणार असतील तर आपल्या माजी विद्यार्थ्याच्या ऑफिसलाही नाही म्हणायची तयारी ठेवा.

पंधरा वर्षांवर अनुभव झालेल्यांसाठी एक वेगळी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा व्यक्तीला पीएच.डी. किंवा प्राध्यापकपदाची नेट परीक्षा नसतानाही ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून ठरावीक मुदतीसाठी घेता येतं. आपल्या बॅचचा माणूस त्या खुर्चीत बसला की यादीचं अर्धं काम तोच करतो.

त्यांना काय द्यायचं

याचा विचार बहुतेक कॉलेजं करत नाहीत. एजन्सीतल्या आमच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त काय लागतं, तर बरं मराठी लिहिणारी मुलं. क्लायंटची इंग्रजी प्रेसनोट मशीनमधून काढून मराठी पेपरांना पाठवतात, आणि ‘कंपनी आपले पाऊल मजबूत करत आहे’ छापाचं वाक्य वाचून डेस्कवरचा उपसंपादक ती तशीच बाजूला सारतो. आम्ही दर वर्षी चांगलं मराठी लिहिणाऱ्या चार-पाच मुलांची कामं एकत्र करून त्यांच्या संमतीने पाठवतो. मागणी न करता पाठवलेली ही एकच गोष्ट, आणि तिला उत्तर हमखास येतं.

बाकी किरकोळ, पण लक्षात राहणारं. परदेशी शिकायला जाणाऱ्याचं ट्रान्स्क्रिप्ट लवकर काढून देणं. शिफारसपत्र आठवड्यात देणं. नोकरी गेली कळलं तर दुसऱ्या दिवशी फोन करणं, आणि जागा सुटल्याचं कुठून कळलं तर त्यालाच आधी सांगणं. अभिनंदनाला शंभर जण असतात.

भेट

मेळाव्याच्या तारखेवरून आम्ही दोनदा तोंडावर पडलो. २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन, म्हणून तो धरला तर कॉलेजात परीक्षा आणि एकही वर्ग रिकामा नाही. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केला त्या दिवशी, पत्रकार दिन साजरा होतो. तो धरला तर आमचे निम्मे विद्यार्थी आपापल्या क्लायंटतर्फे कुठल्या ना कुठल्या सत्काराला. शेवटी भाऊबीजेनंतरचा रविवार ठरला. पुण्या-मुंबईतली मुलं तेव्हा गावी आलेली असतात आणि घरच्यांपासून दोन तास सुटका हवी असते.

स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार या क्रमाला कात्री लावा. प्राचार्यांना दोन मिनिटं द्या आणि ती दोनच राहतील हे आधी त्यांच्याशी बोलून ठेवा. आमच्याकडे आता वर्गातच बसतात, आपापल्या जुन्या बाकावर, बॅचनुसार. मिसळ, चहा, आणि भिंतीवर जुन्या सरावाच्या अंकांची पानं. कोणाचा सत्कार नाही, म्हणून किराणा दुकानवालाही येतो.

मुंबईसाठी वेगळी छोटी भेट ठेवा. मुलं बदलापूर, विरार, पनवेलला राहतात आणि कामाला लोअर परळ-अंधेरीला असतात. त्यांना रविवारी घराबाहेर काढणं कठीण. दादर स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एखाद्या उडप्याकडे, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला. मध्य आणि पश्चिम, दोन्ही लाइनवाल्यांना परतताना सोयीचं. आठ जण आले तरी भेट यशस्वी समजा.

संघटना आणि पैसा

संबंध जमल्याशिवाय नोंदणीच्या मागे लागू नका, पण कधीतरी लागेल. आजवरच्या नॅकच्या निकषांत ५.४ खाली नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटनेचं योगदान विचारलं जात आलं आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. संस्थेला किमान सात सभासद लागतात. खरी कटकट नंतरची आहे: दर वर्षी हिशेब तपासणी, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहून गेला तर पुढे बँकेत सह्या बदलताना जीव जातो. कॉलेजची एकच संघटना असेल तर तिच्यात जनसंपर्क विभागाचा एक प्रतिनिधी बसवणं पुरेसं. वेगळी चूल मांडायची गरज नाही.

वर्गणी कधीही शिक्षकाच्या खाजगी यूपीआयवर घेऊ नका, अडीचशे रुपये असले तरी. परदेशातून कोणी देणगी देऊ म्हणालं तर पासपोर्ट कुठला ते विचारा. दुबईत राहणारा भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याने, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, दिलेले पैसे विदेशी योगदान ठरतात आणि ते एफसीआरए या विदेशी योगदानाच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाहीत. अशांना सांगा, पैसे राहू देत, एक तास दे.

दर महिन्याचं काम

महिन्याला दहा फोन. पहिल्या शनिवारी पाच, तिसऱ्या शनिवारी पाच. यादी ‘शेवटचं बोलणं’ या रकान्याने लावायची आणि सगळ्यात जुन्या तारखेपासून सुरू करायचं, नाहीतर आपण आवडत्या विद्यार्थ्यांनाच फोन करत राहतो. दोन जण फोन उचलणार नाहीत, त्यांना पुन्हा लगेच करायचा नाही.

नवीन बॅचची नोंद निरोप समारंभाच्या आधी, हॉल तिकीट घ्यायला येतात तेव्हा करून घ्या. निरोप समारंभात साड्या आणि सेल्फी असतात, फॉर्म कोणी भरत नाही. त्या फॉर्मवर आईचा नंबर वेगळ्या ओळीत मागा.

शिक्षक बदलला तर हँडसेट, चार्जर, शीटचा पासवर्ड आणि व्हॉट्सॲपचा पिन विभागाच्या साठा नोंदवहीत सही घेऊन पुढच्याला द्यायचा. आणि सिमच्या रिचार्जची तारीख कार्यालयातल्या क्लार्कच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत फोन कपाटात पडून राहतो, रिचार्ज संपतो, आणि बरेच महिने बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. आमचा पहिला नंबर आज एका टेम्पोवाल्याकडे आहे. सज्जन माणूस आहे, आमच्या मुलांचे फोन अजूनही नीट इकडे वळवतो.